रविवर्मा प्रेसची हरवलेली जुनी तसबीर पुन्हा कुठे मिळेल?

(प्रश्न थोडक्यात: भुसावळहून पुण्याला घर हलवताना सासूबाईंची रविवर्मा प्रेसची लक्ष्मी हरवली. पॅकर्सवाले हात वर करतात, सासूबाई बोलत नाहीत. तशीच दुसरी कुठे मिळेल, खरी कशी ओळखायची आणि किती पैसे पडतील?)

ताई, तुमच्याकडे निदान चित्राचं नाव आहे. लक्ष्मी म्हटलं की दुकानदार लक्ष्मीच काढून दाखवतो. आमच्याकडेही नाव होतं, पण चुकीचं, आणि त्यापायी माझी सहा वर्षं गेली.

अमळनेर तालुक्यातलं आमचं घर धाब्याचं. ओसरीतून आत गेलं की डाव्या भिंतीवर सागवानी चौकटीत एक तसबीर होती. झोक्यावर बसलेली बाई, पदर वाऱ्यावर, मागे झाडी. मोठी माय (वडिलांची आई) तिला गौराई म्हणायची. आम्ही पोरं म्हणायचो ‘आखाजीनी पोर’, कारण आखाजीला गल्लीतल्या माहेरवाशिणी निंबाच्या झोक्यावर अशाच बसायच्या. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, भुसावळच्या माणसाला हे सांगायला नको. पितरांची घागर भरून झाली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, की मोठी माय एक सांजोरी त्या चौकटीपुढेही ठेवायची. ती आम्हाला मिळायची नाही, ती गायीला जायची. म्हणून तसबीर माझ्या जास्तच लक्षात राहिली असेल.

२००९ साली घरावर स्लॅब टाकायचं ठरलं. मी नाशिकला नोकरीला. दादाने धाबं उतरवलं, लाकूड विकलं आणि अडगळ म्हणून जे जे निघालं ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर घातलं. पत्र्याच्या दोन कोठ्या, फुटका बंब, माझी आठवी ते दहावीची पुस्तकं आणि ती चौकट. सगळ्याचे मिळून ३४० रुपये. आकडा मला पाठ आहे, कारण दादा तो अजून अभिमानाने सांगतो. भंगारवाला २५० वर अडला होता म्हणे.

आखाजीला मी गेलो तेव्हा मोठी माय शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये घागरीपुढे बसली होती. मला पाहिल्या पाहिल्या म्हणाली, “मनी गौराई कोठे शे रे?” (माझी गौराई कुठे आहे रे?) मी काही बोलायच्या आत दादा मागून म्हणाला, “काच बदलाले टाकेल शे.”

ती काच चार वर्षं बदलत राहिली. २०१३ ला मोठी माय गेली.

भंगारवाला मी दुसऱ्याच दिवशी गाठला होता. भला माणूस. चौकट पारोळा रस्त्यावरच्या एका सुताराला दिली म्हणून सांगितलं, सोबतही आला. सुताराकडे चौकट होती. तिच्यात आरसा बसवून कुणाच्या तरी रुखवतासाठी पॉलिश करून ठेवली होती. आतलं चित्र? म्हणाला, मागच्या फळीला चिकटून बसलं होतं, खरडून काढलं. असं बोलला जणू चुना खरडला. त्याचं काय चुकलं म्हणा. त्याला लाकूड विकलं होतं, चित्र थोडंच विकलं होतं?

मग जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, जिथे जाईन तिथल्या फ्रेमवाल्यांना विचारायला लागलो, झोक्यावरची गौराई आहे का, जुनी? सगळीकडे राधाकृष्ण निघायचे. एकाने तर झोक्याच्या दोरीला दिवे लागणारे राधाकृष्ण काढले आणि दोर बटण दाबून हलवूनही दाखवला.

२०१५ मध्ये धुळ्याच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे वेगळ्याच कामाने गेलो होतो. बोलता बोलता विषय निघाला तसा त्यांनी पाठकोरा कागद पुढे सरकवला. “येतं तसं काढा.” मला माणूस काढता येत नाही, पण झोका, दोर, पदर काढला. त्यांनी पाहिलं आणि हसले. “अहो, ही कसली गौराई? ही रविवर्म्याची मोहिनी.”

मोहिनी म्हणजे अमृत वाटायला बाईचं रूप घेतलेला विष्णू. म्हणजे मोठी माय पन्नासेक वर्षं विष्णूला गौराई समजून सांजोरी दाखवत होती. रात्री दादाला फोन केला. तो म्हणाला, “मग बरंच झालं ना गेली ते. चुकीची पूजा चालली होती.”

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

रविवर्मा प्रेस म्हटलं की लोकांना वाटतं चित्र रविवर्म्याचंच. तसं नसतं. छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला. मग प्लेग आला, धंद्याची ओढाताण झाली, आणि १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. १९०१ मध्ये रविवर्म्याने तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, छापखाना मात्र पुढे कितीतरी वर्षं चालला आणि त्यात धुरंधरांसारख्या दुसऱ्या चित्रकारांची चित्रंही छापली गेली. शिवाय पुण्याची चित्रशाळा त्याआधीपासून, १८७८ पासून, रंगीत चित्रं काढतच होती. त्यामुळे घरात ‘रविवर्म्याची’ म्हणून टांगलेली प्रत्येक तसबीर तिथलीच असेल असं नाही. दुकानात नुसतं ‘जुनी लक्ष्मी’ म्हणालात तर दहा प्रकारच्या लक्ष्म्या समोर येतील.

म्हणून आधी सासूबाईंना बोलतं करा. लक्ष्मी उभी होती की बसलेली? शेजारी हत्ती होता का, एक की दोन? साडीवर खरी जरतार किंवा टिकल्या चिकटवलेल्या होत्या का? हौशी बायका असं सजवायच्या, आणि तसं असेल तर हुबेहूब दुसरी मिळणार नाही हे आत्ताच मनाशी ठरवा. कमळावर उभी, बाजूला सोंडेत माळ घेतलेला एक हत्ती, अशी असेल तर ती रविवर्म्याची प्रसिद्ध लक्ष्मी, मूळ तैलचित्र १८९६ चं. बडोद्याला लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात महाराजा फतेहसिंह संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं टांगलेली आहेत. तुमचं कुणी अजून भुसावळला असेल तर सुरतेची गाडी धरून अमळनेर, नंदुरबार करत पुढे बडोद्याला एकदा जाऊन या. मूळ रंग डोळ्यांत बसला की भडक नक्कल लांबूनच कळते.

दुसरं, घरातले जुने फोटो काढा. सत्यनारायण, बारसं, साखरपुडा, जे काही घरात झालं असेल त्याचे. माणसांकडे नका पाहू, मागची भिंत पाहा. आमच्याकडे १९७८ च्या एका फोटोत आत्याच्या डोक्यामागे झोक्याचा दोर आणि पाऊण चेहरा निघाला. हे मला सहा वर्षांत सुचलं नाही, त्या शिक्षकांनी पाच मिनिटांत सांगितलं.

खरी कशी ओळखायची, तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाल्याकडे असतं तसं. मी ते न घेता एका शहरात २,५०० रुपयांना मोहिनी घेऊन आलो होतो. कागद पिवळा, कडा कुरतडलेल्या, मी खूश. घरी येऊन भिंगाखाली धरली तर सारखे, एका रांगेतले ठिपके. म्हणजे ऑफसेट, आजकालची छपाई. कागदाला चहाचा वास येत होता, तो मला दुकानात जुनेपणाचा वाटला होता. जुनी छपाई दगडावरची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि चित्र दगडावर हाताने उलटं काढलेलं. तिचे ठिपके वाळू सांडल्यासारखे वेडेवाकडे दिसतात, आणि एखादा रंग केसभर सरकलेला असतो. ओठांची कड पाहा, लाल रंग बहुतेक तिथेच बाहेर आलेला दिसतो. वर रोगण दिलेलं असेल तर ते पिवळं पडलेलं असतं, काहींवर कॅनव्हाससारखी वीणही उमटवलेली असते. मापही बघा. माझी साधारण २० बाय १४ इंचांची आहे, त्या काळी हे माप बरंच चालायचं.

नवी प्रत छापणं गुन्हा नाही बरं का. रविवर्म्याला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, चित्रं कुणीही छापू शकतो. नवी म्हणून विकली तर २०० रुपयांत घ्या आणि लावा. जुनी म्हणून विकणाऱ्याशी माझं भांडण आहे.

खरी मोहिनी मला मुंबईत चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर मिळाली. तीन चकरा झाल्या, ६,५०० ला सौदा तुटला. दहा वर्षांपूर्वीचा भाव आहे, आज तुम्हाला किती पडेल ते कागदाच्या अवस्थेवर आणि तुमच्या चेहऱ्यावर अवलंबून. हवीच आहे हे चेहऱ्यावर दिसलं की भाव चढतो. पुण्याला असाल तर बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात डोकावत राहा. तमिळनाडूत कारैकुडीला जुन्या चेट्टियार घरांतलं सामान विकणारी दुकानंच आहेत, तिकडे रविवर्म्याची चित्रं बरीच निघतात. पण मला विचाराल तर आधी खान्देशातच शोधा. वाडा पडतोय असं कानावर आलं की सुताराच्या आणि भंगारवाल्याच्या आधी पोचा. चहा प्यायला जा आणि भिंती बघत बसा.

मी ती घेऊन थेट गावी गेलो, दादासमोर ठेवली. त्याने पहिली मागणी केली, “छापखान्याचं नाव दाखव.” खाली समासात नाव असतं. कुठे रविवर्मा प्रेस मुंबई, कुठे कार्ला-लोणावळा, कुठे मळवली, त्यावरून छपाईच्या काळाचा अंदाज बांधता येतो. माझ्या प्रतीत तो समासच नव्हता. पूर्वी चौकट लहान पडली की कागद कापायचे, तसा कुणीतरी कापलेला. मोहिनीतली ‘मो’ची मात्रा आणि ‘ह’चं डोकं तेवढं शिल्लक होतं.

दादा म्हणाला, “कॅलेंडर आहे.” मी भिंग दिलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, “माशा बसल्यासारखं दिसतंय.” मग म्हणाला, आपलीही तशीच होती, आजोबा प्रताप मिलमध्ये होते, तिथल्या ताग्यावरचं लेबल आणून चिकटवलं असेल. आता गिरण्या ताग्यांवर देवादिकांची रंगीत लेबलं लावत हे खरं, पण ती तळहाताएवढी, फार तर वहीएवढी. मी टेप लावून चौकटीचं माप काढलं. चौकट म्हणजे तीच, रुखवताची. ते रुखवत काही त्या घरी टिकलं नाही, आरसा तडकला आणि सुताराने ती मला ३०० ला परत दिली होती. नवी मोहिनी तिच्यात बरोबर बसली. यावर दादा म्हणाला, “बसली ना? मग कटकट कसली?”

म्हणून सांगतो, तुम्ही पॅकर्सना दोष देताय तो पटत नाही. यादीत तुम्ही ‘फोटो फ्रेम १’ असं लिहिलं असणार. ज्या वस्तूला घरातलाच माणूस फोटो फ्रेम म्हणतो तिला हमाल काय म्हणणार? आणि दुसरी मिळाली तर सासूबाईंना ती जुनीच सापडली असं सांगू नका. काच बदलायला टाकली, दुरुस्तीला दिली, हे तर मुळीच नको. त्यांना फसवल्याचं त्यांना कळेल की नाही माहीत नाही, पण ज्याने ते खोटं ऐकून घेतलं आणि गप्प बसला त्याला पुढे रोज ते आठवतं. हे मी माझ्याबद्दल बोलतोय. दादा मस्त झोपतो.

काही गोष्टी राहिल्या. मी व्यापारी नाही, एक चित्र शोधलेला माणूस आहे, तेव्हा मोठी रक्कम द्यायच्या आधी जाणकाराला दाखवा. मिळालेल्या चित्राला लॅमिनेशन करू नका, फेविकॉलने फळीवर डकवू नका, काचेला कागद टेकू देऊ नका. बुरशी असेल तर घरी पुसत बसू नका. नणंद अमेरिकेत आहे आणि तिलाही एक हवी आहे असं तुम्ही लिहिलंय. शंभर वर्षांवरच्या कलावस्तू देशाबाहेर नेण्याबाबत १९७२ चा कायदा कडक आहे, परस्पर कुरिअर करू नका. तिला २०० वाली पाठवा.

आमची मोहिनी आता स्लॅबच्या घरात, दादाकडेच आहे. मी नाशिकला नेणार होतो, वहिनी म्हणाल्या, भाऊजी, इथलीच आहे ती. आखाजीला त्या तिच्यापुढे सांजोरी ठेवतात, तिला गौराईच म्हणतात, मीही काही बोलत नाही. हे उत्तर मात्र दादाला पाठवणार आहे. ते ३४० रुपये अजून त्याच्याकडेच आहेत.