गुंतवणूक परदेशातली, हिशेब गोव्यातला

परदेशी शेअर बाजारात पैसे लावावेत का, किती लावावेत आणि कुठल्या वाटेने, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. कर आणि मर्यादा निवासी भारतीयांसाठीच्या आहेत. तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या, वाचकांचं उत्तर वेगळं दिलं आहे.

प्रश्न : माझं गॅरेज आहे. चौदा कंपन्यांचे शेअर आणि चार म्युच्युअल फंड घेतलेत. तरी मुलगा म्हणतो, थोडे पैसे परदेशात लावा. अठरा ठिकाणी पैसे असताना आणखी कुठे जायचं? (डिचोली)

ठिकाणं मोजून विभागणी कळत नाही. एखादं संकट आलं तर त्या अठरांपैकी किती ठिकाणं एकदम खाली येतील, हे पाहावं लागतं. डिचोलीच्या माणसाला हे मी वेगळं सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक थांबले, बार्ज नांगरून पडले, गॅरेजमधलं काम आटलं, रस्त्याकडेची खानावळ रिकामी झाली आणि पतसंस्थांचे हप्ते थकले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि सगळं पुन्हा घडलं. ज्या खाण अवलंबित घरात एक ट्रक, एक दुकान आणि भाड्याच्या दोन खोल्या होत्या, त्या घराने आपल्या समजुतीने तीन ठिकाणी पैसे घातले होते. तिन्हींना पोसणारी खाण मात्र एकच होती.

तुमच्या चारही फंडांची मासिक फॅक्टशीट, म्हणजे फंडाचे पैसे कुठे लावलेत ते सांगणारं पत्रक, उघडा आणि पहिल्या दहा कंपन्या शेजारी शेजारी लिहा. चारही लार्ज कॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे फंड असतील, तर त्याच दोन-तीन मोठ्या बँका आणि रिलायन्ससारखी तीच नावं पुन्हा पुन्हा दिसतील. त्यात तुमचं घर, गॅरेज, दागिने, विमा, सगळं भारतातच आहे. जगातल्या सगळ्या शेअर बाजारांच्या एकूण मूल्यात भारताचा वाटा साधारण चार टक्के आहे. तुमचा सगळा संसार त्या चार टक्क्यांवर उभा आहे.

आपला देश वाढतोय, मग बाहेर कशाला, असं अनेकांना वाटतं. १९८९ च्या अखेरीस जपानी माणसालाही तसंच वाटत होतं. तिथला निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. जपान या काळात बुडाला नव्हता, तिथले कारखाने उत्तम चालू होते. फक्त जपानी शेअर घेऊन बसलेल्यांचं मधलं आयुष्य मात्र निघून गेलं. अमेरिकेलाही हा नियम चुकलेला नाही. तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅस्डॅक काँपोझिट निर्देशांक मार्च २००० पासून अडीच वर्षांत तीन चतुर्थांशाहून जास्त पडला आणि जुन्या उंचीवर यायला २०१५ साल लागलं. म्हणून परदेश म्हणजे सात-आठ अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्या, असं समीकरण मुलालाही करू देऊ नका.

किती, याचं माझं उत्तर : शेअर आणि फंडांतल्या रकमेच्या दहा ते पंधरा टक्के, तेही दोन-तीन वर्षांत हळूहळू. त्याआधी वर्षभराचा घरखर्च बँकेत हवा. गॅरेजवाल्याला सहा महिन्यांचा पुरत नाही, हे तुमच्या तालुक्याने पाहिलेलं आहे.

प्रश्न : मी औषध कंपनीत आहे. आमचा बराच माल अमेरिकेत जातो आणि माझ्याकडे कंपनीचेच शेअर आहेत. म्हणजे माझी परदेशी गुंतवणूक झालीच ना? (वेर्णे)

कंपनीला डॉलर मिळतात, एवढं खरं. पण अमेरिकी औषध प्रशासनाने कारखान्याला इशारापत्र दिलं, तर शेअर पडेल, बोनस जाईल आणि कदाचित पाळीही कमी होईल. पगार आणि बचत एकाच दिवशी अडचणीत येणं, ही सगळ्यात वाईट जुळणी. ज्या उद्योगातून पगार येतो, त्याचे शेअर कमीत कमी ठेवा. कंपनीने दिलेले शेअर अटी संपतील तसे विकत जा आणि ते पैसे औषधांशी संबंध नसलेल्या जागी न्या. हाच हिशेब कांदोळीच्या हॉटेलात काम करून हॉटेल कंपन्यांचे शेअर घेणाऱ्यांनाही लागू आहे.

प्रश्न : नॅस्डॅक १०० चा ईटीएफ घ्यायला गेलो, तर बाजारातली किंमत एनएव्हीपेक्षा बरीच जास्त. ही चूक आहे का? (पर्वरी)

चूक नाही, टंचाई आहे. ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड, इथे अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारातल्या शंभर मोठ्या कंपन्यांचा. एनएव्ही म्हणजे त्याच्या एका युनिटमागे असलेल्या शेअरची खरी किंमत. भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशी शेअरमध्ये किती पैसे न्यावेत, याला ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. परदेशी ईटीएफसाठी आणखी १ अब्ज. पहिली मर्यादा भरत आली म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये फंडांना नवे पैसे बाहेर नेणं थांबवावं लागलं. जून २०२२ मध्ये थोडी मोकळीक मिळाली, ती फक्त जुन्या पातळीपर्यंत. म्हणूनच परदेशी फंड कधी खुले दिसतात, कधी बंद.

एरवी ईटीएफला मागणी वाढली की फंड नवी युनिट काढतो आणि भाव पुन्हा एनएव्हीजवळ येतो. इथे नवी युनिट काढायलाच वाव नाही. त्यामुळे आहेत तीच युनिट लोक एकमेकांना चढ्या भावाने विकतात. दहा टक्के जास्त देऊन घेतलंत, तर त्या दहा टक्क्यांत एकाही कंपनीचा शेअर तुमच्याकडे येत नाही. उद्या मर्यादा वाढली, तर अमेरिकी बाजार जागचा न हलताही तुमचे तेवढे पैसे जातील. खरेदीआधी आयएनएव्ही, म्हणजे एनएव्हीचा दिवसभर बदलणारा अंदाज, फंड कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. फरक एक-दोन टक्क्यांहून जास्त असेल, तर घेऊ नका. बाजारभावाच्या ऐवजी किंमत ठरवून ऑर्डर टाका.

साधी वाट हवी असेल, तर काही देशी फ्लेक्सी कॅप (लहान-मोठ्या कुठल्याही कंपन्या घेऊ शकणारे) फंड ६५ टक्क्यांहून जास्त भारतीय शेअर ठेवून उरलेल्यातले काही पैसे परदेशात लावतात. त्यांना कर भारतीय इक्विटी फंडाचाच लागतो आणि वेगळे कागद भरावे लागत नाहीत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, यजमानांचं दुकान आहे. थेट अमेरिकी शेअर घ्यायचे तर बँकेतून पैसे कसे पाठवायचे आणि कर कुणाच्या नावावर? (फोंडा)

पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे निवासी भारतीयांनी बाहेर पैसे पाठवण्याच्या, योजनेखाली जातात. माणशी, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत. वर्षभरात १० लाख रुपयांपर्यंत पाठवलेत तर बँक कर कापत नाही. त्यावरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच वसूल केलेला कर, लागतो. १२ लाख पाठवले, तर वरच्या २ लाखांवर ४० हजार. हा वेगळा कर नाही, विवरणपत्रात तो तुमच्या करातून वळता होतो. पण तोवर पैसे अडकतात. बँकेचं शुल्क आणि डॉलरच्या दरातली तफावतही असते, म्हणून दरमहा पाच हजार पाठवण्यापेक्षा वर्षातून एक-दोनदा पाठवलेलं परवडतं.

शेअर २४ महिन्यांनंतर विकले, तर नफ्यावर १२.५ टक्के कर. त्याआधी विकले, तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. भारतीय शेअरवर मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे नाही. लाभांशावर अमेरिका २५ टक्के आधीच कापते. ब्रोकरकडे तुम्ही अमेरिकेचे रहिवासी नाही हे सांगणारा डब्ल्यू-८बेन फॉर्म भरलेला असला, तर हा दर लागतो आणि कापलेल्या कराचं श्रेय इथे मागता येतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. गोव्यात लग्नाआधी करार नोंदवून वेगळी पद्धत निवडली नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक असते. म्हणून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५ए आलं आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ती तरतूद आहे. पगार ज्याचा त्याचा. बाकीचं उत्पन्न, म्हणजे दुकानाचा नफा, लाभांश, शेअर विकून झालेला फायदा, दोघांत निम्मं निम्मं. शेअर तुमच्या एकटीच्या नावावर असले तरी. १२.५ टक्क्यांच्या नफ्यात याने फारसा फरक पडत नाही. लाभांशावर आणि लवकर विकलेल्या शेअरवर मात्र पडतो, कारण निम्मी रक्कम कमी उत्पन्न असलेल्या जोडीदाराच्या टप्प्यात जाते. मुंबईच्या ब्रोकरचं ॲप हे तुम्हाला सांगणार नाही. बाहेरगावच्या सीएलाही आठवण करून द्यावी लागते. विवरणपत्रात यासाठी शेड्यूल ५ए आहे.

आणि विवरणपत्रातलं परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए विसरू नका. तुमच्या नावावर एकच परदेशी शेअर असला, तरी आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही. एफएमध्ये आर्थिक वर्ष नव्हे, जानेवारी ते डिसेंबरचा हिशेब द्यायचा. काळा पैसा कायद्याखाली न दाखवलेल्या परदेशी मालमत्तेला १० लाखांचा दंड आहे. स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून त्यातून सूट मिळाली, पण ती दंडाची. माहिती द्यायचीच आहे.

प्रश्न : रुपया घसरतच असतो. मग शेअरच्या भानगडीत न पडता नुसते डॉलर का घेऊ नयेत? (साखळी)

कपाटातला डॉलर काही कमवत नाही आणि अमेरिकेतही महागाई आहे. शिवाय रुपया दरवर्षी घसरतोच असं नाही. २००२ ते २००७ या काळात डॉलर साधारण ४९ रुपयांवरून ३९ वर आला होता. परदेशी शेअरचा खरा उपयोग वाईट वर्षात कळतो. जानेवारी २००८ मध्ये २१,००० ला पोचलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या घरात होता. त्याच काळात डॉलर ३९ वरून पन्नाशीपार गेला. अमेरिकी बाजारही कोसळला होता, पण रुपयात मोजलं तर पडझड बरीच सौम्य झाली.

प्रश्न : व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपमध्ये फॉरेक्स ट्रेडिंगचे महिना पाच टक्के सांगतात. ही परदेशी गुंतवणूकच ना? (पेडणे)

नाही. उसन्या मार्जिनवर परदेशी चलनाचा सट्टा खेळायला एलआरएसमध्ये परवानगीच नाही. रिझर्व्ह बँकेने अनधिकृत ॲपची यादी प्रसिद्ध केली आहे. पण यादीत नाव नाही म्हणजे ॲप अधिकृत, असा अर्थ होत नाही. पैसे गेले असतील, तर आजच १९३० वर सायबर तक्रार करा. शरमेने गप्प बसू नका, उशीर झाला की रक्कम सापडत नाही.

प्रश्न : मुलगा बोटीवर आहे. बाहेरच्या खात्यात डॉलर आणि थोडे शेअर आहेत. कायमचा परतला की विकावे लागतील का? (वास्को)

नाही. अनिवासी असताना घेतलेली परदेशी मालमत्ता परतल्यावरही ठेवता येते, फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचं कलम ६(४) तसं सांगतं. इथल्या बँकेत एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं असेल तर ते मात्र बदलावं लागेल. तिथले पैसे आरएफसी, म्हणजे परतलेल्या निवासींच्या परकीय चलन खात्यात नेले, तर ते परकीय चलनातच राहतात. परतल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षं बहुधा आरएनओआर (निवासी, पण सामान्य निवासी नव्हे) हा दर्जा मिळतो, त्या काळात बाहेरच्या लाभांशावर आणि नफ्यावर इथे कर नसतो. जे शेअर नकोत, ते त्याच काळात विकावेत. त्यासाठी सीडीसी या खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या आणि पासपोर्टवरच्या तारखा जपून ठेवा, दिवसांचा हिशेब त्यावरच होतो.

प्रश्न : माझं वय ६८. अमेरिकी शेअर बऱ्यापैकी वाढलेत. माझ्यामागे बायकोला अडचण येईल का? (म्हापसा)

येऊ शकते, आणि ती आत्ताच टाळता येईल. अमेरिकी कंपन्यांचे शेअर आणि तिथले ईटीएफ ही अमेरिकेच्या दृष्टीने तिथली मालमत्ता. तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या मृत्यूनंतर ६० हजार डॉलरपर्यंतच वारसाकराची सूट आहे. वरच्या रकमेवर कर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. या कराबाबत भारताचा अमेरिकेशी करार नाही. तुमची रक्कम ६० हजारांच्या जवळ असेल, तर आयर्लंडमध्ये नोंदलेल्या ईटीएफचा विचार करा. त्यात अमेरिकी कंपन्याच असतात, पण तुमच्या हातातलं युनिट अमेरिकी नसतं, म्हणून हा कर लागत नाही. विक्रीवर इथे होणारा कर आधी मोजा आणि दोन आर्थिक वर्षांत विभागून बदला.

गोव्याच्या कायद्यानुसार सामायिक मालमत्तेतला निम्मा वाटा तुमच्या पत्नीचा आजही आहेच. तुमच्या वाट्यातही, सक्तीचे वारस, म्हणजे ज्यांचा हक्क डावलता येत नाही असे, असतील तर, निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं. अमेरिकी ब्रोकरला यातलं काही ठाऊक नसतं. तेव्हा ब्रोकरचं नाव, खाते क्रमांक, विवाह नोंदणीचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत एका फायलीत ठेवा. मृत्युपत्र करताना परदेशी शेअरचा उल्लेख स्पष्ट करायला नोटरीला सांगा. आणि एकदा पत्नीला शेजारी बसवून त्या खात्यात त्यांच्याच हाताने लॉगइन करू द्या.