ट्राउटशिवाय गोड्या पाण्यात गळाने धरण्याजोगे मासे कोणते?

ट्राउटला बारमाही थंड पाणी लागते, म्हणून आपल्याकडे तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा उंच भागांतच टिकून आहे. दख्खनच्या नद्यांत गळ टाकणाऱ्याने मात्र त्याची खंत करण्याचे कारण नाही, कारण इथे खडस आहे. खडस म्हणजे दख्खनी महाशीर, नदीतला मोठ्या खवल्यांचा ताकदवान मासा. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. खडकाळ तळ आणि खळाळते पाणी ही त्याची आवडती जागा. त्याच्या जबड्यात दात नसतात, पण घशातल्या दातांनी तो खेकड्याचे कवचही फोडतो, त्यामुळे हलक्या प्रतीचा गळ त्याच्यापुढे वाकतो. आमिष घेताच तो प्रवाहात अशी मुसंडी मारतो की रिळावरचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, सरसर सुटत जातो, आणि त्या वेळी दोर ओढून धरण्याचा हट्ट केला तर तो तुटतोच.

कावेरीच्या खोऱ्यातला कुबडा महाशीर याहून मोठा. १९४६ मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा गळाला लागला होता. आज ही जात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी ही कारणे आहेतच, शिवाय लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली खडशीची पिल्ले चांगल्या हेतूने कावेरीत सोडली गेली आणि तीच तिथल्या मूळ माशाला भारी पडली. म्हणून एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. महाशीर कुठलाही असो, गळाच्या टोकाजवळची उलटी नखी पक्कडीने आधीच दाबून टाकावी, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे धरून तो स्वतःहून निसटेपर्यंत थांबावे.

आपण नव्यानेच सुरुवात करत असाल, तर मी मरळ सुचवीन. तळी, बंधारे, संथ नदीचे काठ, सगळीकडे तो सापडतो. हवेतून श्वास घ्यायला तो मधूनमधून वर येतो, तेव्हा पाण्यावर उठणारी लाट हेरावी आणि पाणवनस्पतींच्या कडेने रबरी बेडूक हळूहळू ओढत आणावा. मात्र पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा थवा एकत्र वर-खाली होताना दिसला, तर तिथे गळ टाकू नये. आई-बाप खालीच राखण करत असतात, आणि ते धरले गेले तर पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.

कटला, रोहू हे कणकेच्या गोळीला लागतात आणि शिवडा जिवंत आमिषाला, पण धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी.