'वारसदार' क्लास? मग बाप कोण?

राजारामपुरीतल्या एका गेम लिहिणाऱ्या मुलानं विचारलंय: "कुस्तीच्या गेममध्ये 'डाव' हा मूळ क्लास (प्रोग्राममधला साचा), 'ढाक' आणि 'धोबीपछाड' त्याचे वारसदार क्लास. जेसनमधून (माहिती साध्या मजकुरात साठवायची पद्धत) डावांची यादी वाचली की सगळे नुसते 'डाव'च तयार होतात, 'ढाक'ची स्वतःची फील्ड (माहितीचे कप्पे) गायब. आणि वारसदार हा शब्द बरोबर आहे ना?"

नाही. हा 'वारसदार' ऐकून ऐकून कान किटलेत. फारसी 'दार' म्हणजे बाळगणारा. दुकान बाळगतो तो दुकानदार, चोप म्हणजे काठी हातात धरतो तो चोपदार. मग वारसदार कोण? ज्याच्यापाशी वारस आहेत तो! म्हणजे तुमचा 'डाव'. हाक पोराला मारलीत आणि ओ बापानं दिली. 'कोशात सापडतो, म्हणून शुद्ध' म्हणणाऱ्या पंडितांना एवढंच सांगतो, की कोश बोललेलं टिपून ठेवतो, चुकीला माफीनामा लिहून देत नाही.

खरी गंमत पुढंच आहे. 'वारस' अरबी. त्याच धातूपासून अरबीत 'मीरास' झाला, वारशानं आलेली मालमत्ता. अरबीतला त्याचा शेवटचा वर्ण जीभ दातांत धरून उच्चारायचा. फारसीत त्याचा सरळ 'स' झाला आणि तोच आपल्याकडं आला. आपल्या मुलखात पिढीजात हक्कानं जमीन कसणारा तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. पंजाबातले वंशपरंपरेनं गाणारे मिरासीही याच घरातले. इथं 'दार' कसा चपखल बसतो बघा: मिरास बाळगतो तो मिरासदार! तेव्हा 'वारस क्लास' म्हणा, किंवा माझं ऐकाल तर थेट 'मिरासदार क्लास'. काहीजण 'व्युत्पन्न वर्ग' सुचवतात. अहो, मराठीत व्युत्पन्न म्हणजे विद्वान. ढाक मारायला पंडित कशाला हवा?

हां, तुमची फील्ड. जेसनला क्लास ठाऊकच नसतो. तुम्ही डावांची यादी मागितलीत, त्यानं डाव दिले. तलाठ्याकडं वारसनोंद घातल्याशिवाय सातबाऱ्यावर पोरांची नावं चढतात होय? युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या जेसनयुटिलिटीत अशी नोंद आपोआप होत नाही. न्यूटनसॉफ्टच्या जेसन डॉटनेट या लायब्ररीत टाइपनेमहँडलिंग ही सेटिंग 'ऑटो' ठेवा, लिहिताना आणि वाचतानाही; मग प्रत्येक वारसाच्या आत डॉलरचं चिन्ह लावलेलं 'टाइप' येतं. पण सेव्ह-फाइल खेळणाऱ्याच्या हातात असते. त्यानं तिथं भलत्याच क्लासचं नाव घुसडलं तर घोळ होतो, म्हणून कोणते क्लास चालतील ते बाइंडर लावून बांधून टाका.

युनिटीबाहेर असाल तर मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट 7 पासून त्यातल्याच सिस्टिम टेक्स्ट जेसन लायब्ररीत मूळ क्लासवरच 'जेसनडिराइव्हडटाइप' लिहून वारसांची नावं आधी जाहीर करता येतात. मला हेच पटतं. फाइल हातानं लिहिणार असाल तर मात्र वारसाच्या नावाची नोंद त्या त्या डावाच्या आत सगळ्यात वर ठेवा. डॉटनेट 7 आणि 8 ला ती खाली चालत नाही.