सायलेन्सरचे गंजलेले नट

प्रश्न : माझ्या जुन्या मोटरसायकलचा सायलेन्सर पाइप इंजिनाच्या हेडला ज्या दोन स्टडवर (आटे पाडलेल्या दांड्यांवर) बसतो, त्यांचे नट गंजून इतके झिजले आहेत की पाना घसरतो. ते कसे काढावेत आणि नवे कोणते बसवावेत?

उत्तर : आधी जोर लावण्याचा मोह आवरावा, कारण नट क्षुल्लक असला तरी अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये मोडलेला स्टड काढणे फार जिकिरीचे असते. रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे, सकाळी ते पुसून हॉट एअर गनने नट तापवावा आणि षट्कोनी सॉकेटने पाव फेरा सैल, किंचित घट्ट, असे करत तो बाहेर आणावा. कडाच उरल्या नसतील, तर नट हॅकसॉने आट्यांच्या अलीकडपर्यंत कापून छिन्नीने फोडावा.

नवे नट पितळेचेच घ्यावेत, असे माझे मत आहे. ते स्टडवर गंजून चिकटत नाहीत आणि जास्त आवळले गेले तर स्टडऐवजी नटाचेच आटे जातात. खरेदीपूर्वी आट्यांचे माप पाहावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे आटे बहुधा मेट्रिक नसतात. पाइप आणि हेड यांच्या सांध्यातले गॅस्केट (गळती रोखणारी चकती) नवे घालून दोन्ही नट आळीपाळीने आवळावेत आणि इंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा तपासावेत.