मुंबईतल्या पायलटची नोकरी खरंच ऐषारामाची असते का?

पगार उत्तम, यात वाद नाही. घरच्यांना सवलतीची तिकिटं आणि मुक्कामाला चांगलं हॉटेलही मिळतं. पण झोपेचे हाल बाहेरून दिसत नाहीत. माझी धाकटी बहीण को-पायलट आहे. पहाटे पाचचं विमान असलं की रात्री तीनच्या आधीच अंधेरीच्या घराखाली गाडी उभी. ड्युटीवर गेल्यावर श्वासाची चाचणी. दारूचा अंश शून्यच हवा. मग कॅप्टनसोबत हवामान आणि इंधनाचे कागद. पावसाळ्यात मुंबईत उतरता आलं नाही तर दुसरीकडे, समजा अहमदाबादला, जाण्यापुरतं इंधन धरूनच हिशेब करायचा. डीजीसीएच्या, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाने वर्षाला १,००० तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. ऐकायला कमी वाटतं, पण विमानतळावर थांबण्यातले तास त्यात येतच नाहीत. गणपतीत सुट्टी मिळेलच असंही नाही. आणि मेडिकलमध्ये अपात्र ठरलं की उड्डाण बंद, म्हणून ती तब्येतीला फार जपते.