घरगुती पाळणाघरात बाळांच्या दुपारच्या झोपेचे कोणते नियम ठेवावेत?

आपण विचारले आहे की, नाशिकला राहत्या घरी सहा मुलांचे पाळणाघर सुरू करताना दुपारच्या झोपेबाबत पालकांना कोणते नियम लेखी द्यावेत, गाद्या कशा घ्याव्यात आणि तीन वर्षांचे मूल झोपायलाच तयार नसेल तर काय करावे. मी डोंबिवलीत घरच्या घरी १९ वर्षे पाळणाघर चालवले. खरे तर या प्रश्नाला उत्तर द्यायचा माझा विचार नव्हता. पण वरच्या एका उत्तरात ‘मुले झोपली की आपल्यालाही दोन तास निवांत मिळतात’ हे वाक्य वाचले आणि मला राहवले नाही.

पाळणाघरातला सगळ्यात अवघड वेळ तोच असतो. जागे मूल पडले तर रडते, भुकेले असेल तर ओरडते, शेजारच्याने चावले तर सारी इमारत गोळा करते. वर्षाच्या आतले बाळ झोपेत गुदमरले तर आवाजच होत नाही. म्हणून ज्या बाईला दुपारी दीड ते साडेतीन स्वतःला डुलकी हवी असेल तिने शिकवण्या घ्याव्यात, पाळणाघर काढू नये.

हे मी अनुभवाने सांगते. २०११च्या जुलैतली गोष्ट आहे. त्या वेळी खासगी नोकरीतल्या स्त्रीला कायद्याने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांचीच मिळत असे; ती २६ आठवड्यांची झाली २०१७ साली. त्यामुळे माझ्याकडे येणारी बाळे अडीच-तीन महिन्यांची असत, म्हणजे झोपेतल्या अकस्मात मृत्यूचा धोका ज्या दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक असतो, नेमक्या त्याच वयाची. त्या बाळाचा माझ्याकडचा तो तिसरा दिवस होता. आई फोर्टात नोकरीला, सव्वाआठची जलद लोकल पकडणारी. पहिल्याच दिवशी पिशवी हातात देताना तिने सांगितले होते, ‘काकू, आम्ही याला पाठीवरच झोपवतो हं, डॉक्टरांनी तसं सांगितलंय.’ मी मान डोलावली आणि ते माझ्या मदतनीस मावशींना सांगायचे राहून गेले. पुढे जे झाले त्यात माझा वाटा एवढाच होता, आणि तो पुरेसा होता.

दुपारी दोनच्या सुमारास गॅसवाला आला. जुना सिलिंडर बाहेर काढणे, नवा वजन करून घेणे, वॉशर गळतो की काय ते साबणाच्या पाण्याने पाहणे, सुट्ट्या पैशांची शोधाशोध, पुस्तकावर सही, यात दहा-बारा मिनिटे सहज गेली. तेवढ्यात बाळ किरकिरू लागले म्हणून मावशींनी त्याला पोटावर घातले. त्यांनी स्वतःची चार मुले अशीच वाढवली होती आणि पोटावर घातले की वायू सरतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. बाळ लगेच शांत झाले आणि मावशी बाटल्या धुवायला मोरीकडे गेल्या.

मी खोलीत शिरले तेव्हा पावसाने अंधारून आले होते, पडदे ओढलेले होते, पंखा तीनवर चालू होता. चार मुले सतरंजीवर ओळीने झोपली होती आणि कोपऱ्यात दुहेरी घडी केलेल्या गोधडीवर हे बाळ, नाक-तोंड सरळ खाली. मानेवरचे केस घामाने चिकटले होते आणि पाठ हलत नव्हती. उचलले तेव्हा मान मागे पडली. ओठांचा रंग जांभळ्यासारखा करडा झाला होता. मी तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, आणि मग त्याने छाती आत ओढून एक लांब श्वास घेतला व असा टाहो फोडला की बाकीची चारही मुले उठून बसली. गोधडीवर त्याच्या लाळेचा वाटीच्या बुडाएवढा ओला डाग होता. ती गोधडी मी पुढे पोछ्यालासुद्धा वापरली नाही.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांनी तपासून बाळ ठीक असल्याचे सांगितले. संध्याकाळी आई आली तेव्हा मी तिला सगळे सांगितले, गॅसवाल्यापासून डागापर्यंत. तिने ऐकून घेतले, बाळाला पदराखाली घेतले, पिशवी उचलली आणि दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिचे बरोबरच होते. आठवड्याच्या आत आणखी दोन मुले गेली, कारण डोंबिवलीच्या लेडीज डब्यात निघालेली बातमी ठाणे येईपर्यंत सगळीकडे झालेली असते.

माझ्या मोठ्या वन्सं दोन गल्ल्या सोडून पाळणाघर चालवत आणि त्यांच्याकडे माझ्या चौपट मुले होती. त्या मला म्हणाल्या, ‘बाळाला काही झालं का? नाही ना? मग सांगायला कोणी सांगितलं होतं? आणि आपली सगळी पोटावरच झोपली, त्यातलं कोण गेलं?’ हा वाद आमच्यात त्यानंतर दर गणपतीत, आरतीनंतर आणि मोदकांआधी, न चुकता होत असे. वयाचा मान ठेवून मी तेव्हा गप्प बसत होते, पण आपण विचारलेच आहे तर आता बसणार नाही.

‘आपली सगळी जगली’ हे जगलेल्यांच्या घरात बसून बोलायचे वाक्य आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पोटावर झोपवू नका असे सांगितले, १९९४ पासून त्याची देशभर मोहीम झाली, आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. औषध नाही, लस नाही, फक्त पोटावरचे बाळ पाठीवर. त्याच देशातल्या पाहण्यांत आणखी एक गोष्ट दिसली, जी आपल्यासारख्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी. अशा मृत्यूंपैकी साधारण पाचातला एक बाळ दुसऱ्याच्या सांभाळात असताना झालेला होता, आणि त्यातले सुमारे एक तृतीयांश पहिल्याच आठवड्यात. घरी पाठीवर झोपणारे बाळ एखाद्या दिवशी अचानक पोटावर घातले गेले की धोका अनेक पटींनी वाढतो, कारण त्याला तोंड वळवायची सवयच झालेली नसते. माझ्याकडचा तो तिसरा दिवस होता, हे मी मुद्दाम वर लिहिले आहे.

पाठीवर झोपवले तर दूध घशात जाईल, ही आपल्याकडची ठाम समजूत. वन्संचीही तीच होती. प्रत्यक्षात बाळ पाठीवर असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे उलटून आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर वर चढावे लागते. पोटावर घातले की हीच रचना उलटी होते. ढेकर काढून, पाठीवर, सपाट. यात अधिक काही नाही. कुशीवरही नको, कारण कुशीवरचे बाळ लोळून पोटावर जायला वेळ लागत नाही.

यातूनच माझे बाकीचे नियम आले. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नाही, आणि डोके गोल व्हावे म्हणून आजी मोठ्या मायेने शिवून देतात ती मोहरीची उशीही नाही. डोके चपटे होऊ नये म्हणून बाळ जागे असताना, आपण समोर बसलेलो असताना, त्याला दिवसातून दोन-तीनदा पोटावर खेळवावे. मऊ खेळणी, लोड, सैल पांघरूण गादीवर नको. दुपट्यात घट्ट बांधलेले बाळ पाठीवरच हवे आणि कुशीवर वळायची खटपट सुरू झाली त्या दिवसापासून बांधणे बंद. घरात टोपडे नको. गरम होतेय का ते हातापायांवरून न पाहता मानेमागे हात लावून पाहावे. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत मी झोपेच्या वेळी काढून खिळ्याला अडकवत असे आणि आजी न्यायला यायच्या आत पुन्हा घालत असे. हा लपंडाव मी बरीच वर्षे खेळले. मच्छरदाणी मात्र हवीच, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. पण ती ताणलेली, बाळाच्या अंगावर न लोंबणारी असावी, आणि बंद खोलीत कॉइल लावू नये.

झोळीवरून माझी सगळ्यात जास्त भांडणे झाली आहेत. साडीच्या झोळीत बाळ कमरेत वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाची मऊ श्वासनलिका तेवढ्यानेही चिमटली जाऊ शकते. शिवाय तोंड कापडाच्या आत असल्याने बाहेरून काही दिसत नाही. आपल्या घरी, आपल्या डोळ्यांसमोर कोणी झोळी बांधावी की नाही हे मी सांगणार नाही, पण सहा मुले सांभाळणाऱ्या बाईने बांधू नये. प्रवासाच्या सीटमध्ये किंवा उताराच्या झोपाळ्यात झोपलेल्या बाळालाही हेच लागू आहे. झोपले की उचलून सपाट गादीवर, मग ते जागे झाले तरी चालेल.

औषधाबद्दल एकच वाक्य: झोप यावी म्हणून सर्दीच्या औषधाचे दोन थेंब घालायला सांगणाऱ्या पालकाचे मूल घेऊ नका. सर्दी-खोकल्याच्या बाटल्यांत नेहमी आढळणारे क्लोरफेनिरामीन आणि फिनिलेफ्रीन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा डिसेंबर २०२३चा आदेशच आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका एके काळी तान्ह्यांना अफूची बाळागोळी चारून कामावर जात. त्यांना दुसरा इलाज नव्हता, आपल्याला आहे.

आता वही. त्या जुलैनंतर मी एक लांब वही घातली. वर्षाच्या आतल्या प्रत्येक झोपलेल्या बाळाजवळ दर दहा मिनिटांनी जायचे, छाती हलते का, ओठांचा रंग कसा आहे, तोंडावर काही आले आहे का हे वाकून पाहायचे आणि वेळ लिहून पुढे आद्याक्षर टाकायचे. त्यासाठी पडदे पूर्ण ओढायचे नाहीत. रंग दिसण्याइतका उजेड हवा. दारावरची बेल वाजली तर आधी मावशींनी हातातले काम टाकून खोलीत येऊन बसायचे, मग मी दार उघडायचे. मावशी नसतील तर गॅसवाला खाली थांबेल किंवा उद्या येईल. कॅमेऱ्यावर विसंबू नये. २०१६ साली खारघरच्या पाळणाघरातल्या मारहाणीचे चित्रण बाहेर आले तेव्हापासून पालक कॅमेरा आहे का एवढेच विचारतात, पण कॅमेरा झालेले दाखवतो, ते थांबवत नाही. माझ्या १९ वर्षांत झोपेच्या खोलीत डोकावायला कोणताही निरीक्षक आला नाही. सरकारने २०१८ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण ती ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी. घरगुती पाळणाघरात निरीक्षकाचे काम ती वहीच करते.

ती वही मी रोज संध्याकाळी पालकांना दाखवत असे, आणि वन्संना सर्वात जास्त राग त्याचाच यायचा. ‘आपणच आपल्याविरुद्ध पुरावा लिहितेस,’ असे त्या म्हणत. गेलेल्या मुलांची जागा भरायला मला आठ महिने लागले, तेवढे दिवस घर यांच्या एकट्याच्या पगारावर चालले, हे मी नाकारत नाही. तरीही मी पुन्हा तसेच सांगेन. त्या रात्री बाळाला काही त्रास झाला असता आणि डॉक्टरांनी ‘दुपारी काही झाले होते का’ असे विचारले असते, तर त्या आईकडे द्यायला उत्तर हवे होते. आपली इभ्रत राखण्यासाठी ते उत्तर काढून घ्यायचा अधिकार मला नव्हता आणि वन्संनाही नव्हता.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेले, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेले बाळ असेल तर त्याच्या डॉक्टरांकडून झोपेच्या सूचना लेखी मागवा आणि त्या माझ्या नियमांपेक्षा वरच्या समजा. बाळ दोन्ही बाजूंना आपले आपण पालथे-उताणे होऊ लागले की त्याला पाठीवर ठेवायचे, पण झोपेत ते वळले तर पुन्हा पुन्हा उलटत बसू नये. पाठीवर ठेवूनही एखादे बाळ दगावते. धोका कमी होतो, संपत नाही.

तीन वर्षांच्या मुलाला झोपेची जबरदस्ती करू नका. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप पुरते आणि काहींची ती रात्रीतच पूर्ण होते. अर्धा तास चित्रांच्या पुस्तकासह पडून राहायचे, बोलायचे नाही, मग ओट्याजवळ येऊन शेंगा सोलायच्या. आई ‘झोपवाच’ म्हणते आणि आजी ‘झोपवू नका, रात्री आम्हाला जागवतो’ म्हणते, तेव्हा मुलाकडे पाहा.

पालकांना द्यायच्या कागदावर हे सारे एका पानात मावते. पाठीवर, सपाट, उशी-झोळी-औषध नाही, दहा मिनिटांची वही, आणि काहीही घडले तर त्याच दिवशी सांगितले जाईल. खाली आईबाबांबरोबर आजीचीही सही घ्या, कारण मोहरीची उशी पिशवीत तीच घालते. मदतनीस बाईलाही तो कागद वाचून दाखवा.

गाद्यांचे राहिले. बाळांसाठी काथ्याची दोन-तीन इंची गादी घ्या, वर घट्ट बसणारी, दुमडून खाली खोचता येईल अशी सुती चादर. पिंजाऱ्याकडून नुकतीच भरून आणलेली कापसाची गादी फुगीर असते, ती मोठ्या मुलांना द्या. दुकानात तळवा जोराने दाबून उचला. खड्डा तसाच राहत असेल तर ती गादी बाळासाठी नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.