सातपूर एमआयडीसीतल्या दोन कंपन्यांतला सीएनसीचा (संगणक-नियंत्रित मशीनचा) अनुभव कॅनडाच्या पीआरसाठी (कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यासाठी) एकत्र धरतात का?

हो, धरतात, पण काम एकाच प्रकारचं हवं आणि मध्ये खंड नको. फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत गेल्या 10 वर्षांत किमान 1 वर्ष सलग, पगारी, पूर्णवेळ काम लागतं. म्हणजे आठवड्याला 30 तास, एकूण 1,560 तास. हे कॅनडा सरकारच्या इमिग्रेशन खात्याचेच निकष आहेत. आपल्याकडे 48 तासांचा आठवडा आणि वर ओव्हरटाइम असतो, पण 30 च्या वरचे तास मोजत नाहीत, त्यामुळे वर्ष लवकर भरत नाही. अनुभवाचे गुण असे: 1 वर्षाला 9, 2-3 वर्षांना 11, 4-5 ला 13, 6 किंवा जास्त वर्षांना 15. पात्रतेसाठी सगळे निकष धरून एकूण 100 पैकी 67 गुण लागतात.

खरी अडचण पदाची आहे, तिकडे नीट लक्ष द्या. ड्रॉइंग वाचून सेटिंग करणारा, मायक्रोमीटरने माप घेऊन जॉब (सुटा भाग) काढणारा मशिनिस्ट टीअर 2 मध्ये (टीअर म्हणजे कॅनडाच्या नोकऱ्यांच्या वर्गीकरणातली पातळी) येतो. फक्त ठरलेलं मशीन चालवणारा ऑपरेटर टीअर 4 मध्ये जातो, आणि तो अनुभव या योजनेत धरतच नाहीत. टीअर 0 ते 3 च चालतं. म्हणून दोन्ही कंपन्यांकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात हे हवं:

- पद आणि प्रत्यक्ष करत असलेली कामं
- रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख
- आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ

एचआर बहुतेकदा दोन ओळींचं एक्सपिरियन्स सर्टिफिकेट देतं, त्यावर भागत नाही. बिनपगारी इंटर्नशिप मात्र यात धरू नका.